एक्सपी-९८वर जुने गेम: पोर्टवाल्यांनी हात वर केले म्हणून पीसी किलोवर घालायचा का?

कृष्णाकाठ (सांगली)

परवा 'पोवई नाका' यांनी लिहिलं: "पोर्ट करणाऱ्यांनी एक्सपी आणि ९८ला रजा दिली ते झकास झालं. डूम खेळायचा तर नव्या मशीनवर खेळा. ते डबे भंगारवाल्याला किलोवर द्या." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हे लांबलचक उत्तर. नवख्यांसाठी: डूम हा १९९३चा गोळीबाराचा गेम, पोर्ट म्हणजे त्याच्या खुल्या सोर्सवरून दुसऱ्या सिस्टिमसाठी बांधलेली आवृत्ती, एक्सपी आणि ९८ म्हणजे जुन्या विंडोज.

पोर्टची नवी एक्झी (चालवायची फाइल) जुन्या विंडोजवर उघडत नाही याचं कारण बहुतेक वेळा गेमच्या कोडमध्ये नसतंच. ते कंपायलरच्या, म्हणजे कोडवरून एक्झी बनवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये असतं. तीन लक्षणं ओळखायला शिका. "नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन" आलं तर एकतर फाइल ६४ बिट आहे, नाहीतर तिच्या हेडरमध्ये सबसिस्टिम (किमान कुठली विंडोज हवी तो आकडा) ६.० लिहिलंय. एक्सपीला तिथे ५.०१ लागतं. "गेटटिककाउंट६४ सापडलं नाही" आलं तर ते फंक्शन व्हिस्टापासूनचं, एक्सपीच्या कर्नल३२ या सिस्टिम फाइलमध्ये ते नाहीच. आणि खिडकी उघडून गपकन मिटली, एरर कोड सी०००००१डी दिसला, तर प्रोसेसरला न कळणारी सूचना त्याला दिली गेलीय. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, व्हिज्युअल स्टुडिओ, २०१२च्या आवृत्तीपासून ३२ बिट बिल्डमध्ये न विचारता एसएसई२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) वापरतो. पेंटियम थ्रीला एसएसई२ माहीत नाही.

उपाय म्हणजे काही आकाश फाडणं नाही. स्टुडिओ २०१७मध्ये 'व्ही१४१ एक्सपी' टूलसेट निवडा, आर्किटेक्चर आयए३२ करा (म्हणजे एसएसई२ बंद), रनटाइम स्टॅटिक जोडा, म्हणजे एक्झीतच घाला. व्हिस्टानंतरची फंक्शन वापरलेली असली तर ती हातानं बदला, डूमच्या साध्या पोर्टमध्ये ती मोजकीच निघतात. डूमचा सोर्स २३ डिसेंबर १९९७ला खुला झाला आणि १९९९ला जीपीएलखाली आला, तो उगाच नाही.

पोवई नाका (सातारा)

माझंच वाक्य मला ऐकवलंत, आभारी आहे. आता पुढचं ऐका. कंपायलरचं सेटिंग बदललं की संपलं असं वाटतंय का? खाली एसडीएल आहे ना राव, पोर्टचं चित्र-आवाज सांभाळणारी लायब्ररी. चॉकलेट डूम या पोर्टची २ची मालिका एसडीएल १.२वर होती, ३.०पासून एसडीएल २ आलं, आणि ते ९८वर चालत नाही. आता एसडीएल १.२ सांभाळायचं कोणी? रात्री नोकरीवरून येऊन फुकट काम करणाऱ्या माणसाने? "माझ्या ९८वर आवाज फाटतो" अशी तक्रार आली की तपासायला त्याच्या घरी ९८चं मशीन पाहिजे.

शिवाय पेंटियम फोरला जन्मापासून एसएसई२ आहे. मग कसलं रडगाणं? त्यावर हलकं लिनक्स टाका आणि खेळा, विषय मिटला.

कृष्णाकाठ

मी 'पेंटियम थ्री' लिहिलंय, परत वाचा. एएमडीच्या ॲथलॉन एक्सपी आणि ड्युरॉन प्रोसेसरलाही एसएसई२ नाही.

लिनक्सचं म्हणाल तर डेबियन या लिनक्सच्या १३व्या आवृत्तीने ३२ बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही काढले. १२वर अडकून बसावं लागतं. त्यात त्या काळातलं जुनं रेडिऑन किंवा जीफोर्स २ ग्राफिक्स कार्ड असलं तर मेसा (लिनक्सची ग्राफिक्स लायब्ररी) २२मधून त्यांचे जुने ड्रायव्हर गेलेत, म्हणजे ओपनजीएलचा, म्हणजे चित्र काढण्याचा, सगळा भार प्रोसेसरवर. तुमचं "विषय मिटला" हे इथे अडतं.

आणि कोणाला राबवा म्हणतंय कोण? जुनी आवृत्ती घ्या. प्रबूम २.५.० किंवा चॉकलेट डूमची २ची मालिका, दोन्ही एसडीएल १.२वर. चित्र तुटक आलं तर बॅच फाइलमध्ये एसडीएल व्हिडिओड्रायव्हर हे व्हेरिएबल 'डायरेक्टएक्स' करून बघा, नाही जमलं तर 'विनडिब'. सॅम्पल रेट ४४१००वरून २२०५०वर आणा. डूमचे मूळ आवाजच ११०२५ हर्ट्झचे, कानाला फरक पडत नाही, प्रोसेसरला पडतो. शेअरवेअर (फुकट वाटलेल्या) डूम १.९ची वॅड फाइल, म्हणजे गेमचे नकाशे-चित्रं-आवाज, ४१,९६,०२० बाइटची आहे. तुमची कमी भरली तर पेनड्राइव्हवर कॉपी अर्धवट झालीय, पोर्टला शिव्या घालू नका.

९८वर ५१२ एमबीच्या वर रॅम बसवली असेल तर सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलमध्ये व्हीकॅश विभागाखाली मॅक्सफाइलकॅश २६२१४४ लिहा. तरीही "इनसफिशियंट मेमरी" आलं तर ३८६एन्ह विभागाखाली मॅक्सफिजपेज २०००० टाका. हा आकडा हेक्समधला, ४ केबीची पानं, म्हणजे ५१२ एमबी. वरची रॅम वाया जाते, जाऊ दे.

शुद्ध डॉस (मिरज)

पोर्ट, पोर्ट, पोर्ट. १९९३चा गेम आहे तो, ३८६ आणि ४ एमबीवर चालणारा. ९८ सुरू होताना एफ८ दाबा, 'कमांड प्रॉम्प्ट ओन्ली' निवडा आणि मूळ डॉसचा गेम चालवा. साउंड कार्डचा पत्ता सांगणाऱ्या 'सेट ब्लास्टर' ओळीत ए२२० आय५ डी१ टाका, काम झालं. व्हीजीएचा ७० हर्ट्झ आणि गेमचे सेकंदाला ३५ टिक बरोबर अर्ध्यावर बसतात. तुमच्या ६० हर्ट्झच्या एलसीडीवर ते कधीच बसत नाहीत, म्हणून हलताना हिसके दिसतात. शिवाय ३२० बाय २००चं चित्र चारास तीनच्या पडद्यासाठी काढलंय. १३६६ बाय ७६८वर ताणलं की राक्षस बुटके होतात. पूर्णांकात बसवायचं तर १६०० बाय १२००: आडवं पाच पट, उभं सहा पट.

कुपवाडचा सोल्डर

मिरजकर, आवाज येणार कुठून? इंटेल ८४५ किंवा ८६५ चिपसेटचा बोर्ड असला तर वर एसी९७ हा बोर्डावरचाच साउंड आहे. डॉसला त्यात साउंड ब्लास्टर (डॉसचे गेम ओळखतात ते साउंड कार्ड) दिसत नाही, ए२२० लिहा नाहीतर काहीही लिहा. जुनं साउंड कार्ड बसवायचा आयएसए स्लॉटही बहुतेकांवर नसतो. यामाहा वायएमएफ७२४चं पीसीआय कार्ड जुन्या बाजारात मिळालं तर मिळालं. नाहीतर तुमचा शुद्ध डूम मुका.

आणि सगळे सॉफ्टवेअरवर भांडताय, आधी झाकण उघडा. प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर फुगलेत का बघा. वरची चांदीची टोपी सपाट पाहिजे, फुगीर किंवा तपकिरी डाग असलेला गेला. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, १०५ डिग्रीचा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला). लो-ईएसआर नसलेला साधा कपॅसिटर घातला तर पीसी चालू होतो आणि गेम सुरू झाला की रीस्टार्ट होतो. मग लोक म्हणतात "पोर्ट क्रॅश होतो". २०१९च्या पुरात भिजलेले बोर्ड तर नुसते वाळवून कधीच लावू नका, स्लॉटमध्ये गाळ बसलेला असतो. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पण बदला. ती संपून बायोस डिफॉल्टला गेला, साटा (हार्ड डिस्कची जोडणी) एएचसीआय मोडवर गेलं, की एक्सपी निळा पडदा दाखवून ७बी म्हणत बसतो. साटा परत आयडीईवर आणा.

अजिंक्यतारा

एवढी अक्कल पाजळताय, मग सेटिंग बदलून बिल्ड करणारा एक तरी पोरगा आपल्या जिल्ह्यात आहे का? असणार कसा? अजून टर्बो सी++ ३.० हा डॉसचा कंपायलर शिकवतात! डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये गुंडाळून, विंडोज १०वर, निळ्या पडद्यात. सबमिशनमध्ये 'व्हॉइड मेन' आणि 'क्लिअरस्क्रीन' नसलं तर मार्क कापतात. सी++चं पहिलं स्टँडर्ड १९९८चं, हा कंपायलर त्याच्याही आधीचा. त्यात इंट दोन बाइटचा. त्या पोराला डूमचा सोर्स दिला तर काय दिवे लावणार?

लॅब असिस्टंट (कराड)

'अजिंक्यतारा', जरा सबुरीने. टर्बो सीला शिव्या घालणं सोपं आहे. पण इंट १०एच, एएक्समध्ये १३एच (ग्राफिक्स मोड), ए०००पासून व्हिडिओ मेमरी, एका पिक्सेलला एक बाइट, ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० बाइट, ६४ केबीच्या एका सेगमेंटात मावतं: हे पोराला एका तासिकेत पडद्यावर दिसतं. तुमच्या नव्या एडिटरात एक ठिपका काढायला आधी लायब्ररी, मग लिंकर, मग पाथ. अर्धं सत्र त्यातच जातं. आणि लॅबमध्ये २ जीबी रॅमचे पीसी आहेत, ते कोण बदलून देणार, तुम्ही?

अजिंक्यतारा

पीसी बदला म्हणलं कोण? पोराला वाटतं मेमरी म्हणजे ६४ केबीचे तुकडे आणि 'फार पॉइंटर'. डूमचा झोन ॲलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) एका दमात काही एमबी मागतो, टर्बो सीचं जग ६४० केबीला संपतं. म्हणूनच डूम वॉटकॉम कंपायलरवर आणि डॉसचा क्वेक हा गेम डीजेजीपीपी कंपायलरवर बांधला गेला. दोन्ही ३२ बिट, दोन्ही डॉसवर. तुमच्याच २ जीबीच्या पीसीवर डीजेजीपीपी पळतो आणि मोड १३एच पण दाखवतो. शिकवायचं नाही ते नाही, वर लॅबचं कारण.

लॅब असिस्टंट

अभ्यासक्रम मी ठरवत नाही. तुम्ही परीक्षकासमोर उभे राहा आणि सांगा 'कॉनियो' (टर्बो सीची हेडर फाइल) नको म्हणून. बाहेर बसून बोलणं फुकट असतं.

शुद्ध डॉस

टर्बो पास्कलचे गेम तर विसरलाच. त्यातल्या सीआरटी युनिटची (तयार कोडची) डिलेची मोजणी वेगवान प्रोसेसरवर फसते, सुरू होताच "रनटाइम एरर २००". २०० मेगाहर्ट्झच्या पुढे साधारण हे चालू होतं. एक्झी पॅच करावी लागते.

पोवई नाका

धागा डूमचा होता, आता बोर्डाची परीक्षा घ्या सगळ्यांची. आणि मर्दांनो, टर्बो सीसाठी डॉसबॉक्स चालतो, मग डूमसाठी का चालत नाही? तोच घाला एक्सपीवर.

कृष्णाकाठ

कारण डॉसबॉक्स प्रोसेसरची नक्कल करतो आणि नक्कल महाग पडते. टर्बो सी नुसता 'प्रिंटएफ' करत बसतो. डूमला नीट पळायला वीस हजारांच्या वर सायकल लागतात, आणि पेंटियम थ्रीवर आवाज चालू ठेवून तेवढ्या निघत नाहीत. कोअर डायनॅमिक केला तरी दारूगोळा सुटला की अडखळतो. त्याच मशीनवर प्रबूम ६४० बाय ४८०ला घसरत नाही. म्हणून तर पोर्ट.

गणपती पेठ

डीटीपीवाल्यांची एक अडचण कोणी सांगितली नाही. आमच्या लाइनीत एक्सपी अजून आहे, पेजमेकर आणि जुन्या मराठी फाँटसाठी. त्यावर युजरचं नाव किंवा फोल्डर देवनागरीत असलं की पोर्ट सेव्ह करत नाही, किंवा वॅड सापडत नाही म्हणतो. विंडोजमध्ये देवनागरीला एएनएसआय कोडपेजच (जुन्या प्रोग्रामांची अक्षरांची यादी) नाही, फक्त युनिकोड. जुना पोर्ट साध्या 'एफओपन' या फंक्शनने पाथ उघडतो, त्याला तिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. कॉन्फिग बदलून काही होत नाही. गेम सी ड्राइव्हच्या मुळाशी, इंग्रजी आठ अक्षरांच्या आतल्या फोल्डरमध्ये ठेवा, सेव्हचा पाथही तिथेच द्या.

पोवई नाका

हे पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं. बरं, पेंटियम थ्रीपुरता मुद्दा मान्य, फ्रेम करून भिंतीला लावा. पेंटियम फोरवाल्यांनी मात्र गप डेबियन १२ टाकावं. आणि एक्सपी नेटला जोडणाऱ्याला मी अजूनही वेडाच म्हणणार. एप्रिल २०१४पासून सपोर्ट नाही. २०१७च्या वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसच्या वेळी मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी खास पॅच काढावा लागला होता.

कृष्णाकाठ

नेटची केबल लावा असं कुठे लिहिलंय? फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवा, फॅट३२ पेनड्राइव्हने आणा. आधी रजिस्ट्रीत नोड्राइव्हटाइपऑटोरन २५५ करून ऑटोरन बंद करा. ९८ला पेनड्राइव्ह दिसत नसेल तर एनयूएसबी ३.३ हा ड्रायव्हर टाका, ९८च्या सेकंड एडिशनवरच चालतो तो.

लॅब असिस्टंट

भाषणं झाली असतील तर 'अजिंक्यतारा' यांनी सांगावं, डीजेजीपीपीच्या कुठल्या झिप लागतात? कोपऱ्यातल्या एका एक्सपीवर टाकून बघतो. परीक्षेला नाही, नुसता बघतो.

अजिंक्यतारा

डीजेडेव्ह, बीएनयू, जीसीसी, मेक आणि सीएसडीपीएमआय. सी++ हवं असलं तर जीपीपी पण. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, आतल्या फोल्डरांच्या रचनेसकट उघडा. पाथमध्ये त्याचा बिन जोडा आणि डीजेजीपीपी नावाच्या व्हेरिएबलमध्ये डीजेजीपीपी डॉट ईएनव्हीचा पूर्ण पत्ता द्या. तो विसरलात तर जीसीसीला हेडर सापडत नाहीत आणि तुम्ही परत इथे येऊन मला शिव्या घालाल. आणि 'मेन'च्या आधी 'इंट' लिहा, साहेब.