सांगोल्याचे गणपतराव देशमुख: अकरा वेळा आमदार, पण कारकिर्दीचं टिपण करायचं कसं?

ग्रंथपाल

नमस्कार मंडळी. आमच्या सार्वजनिक वाचनालयात सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या लोकप्रतिनिधींवर संदर्भ टिपणं करायचं ठरलंय, प्रत्येकी चार पानं. पहिलं टिपण शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख (१९२६-२०२१) यांच्यावर. वर्तमानपत्रांची कात्रणं भरपूर आहेत, पण त्यात एकमेकांशी मेळ नाही. अडलेले मुद्दे असे:

'अकरा वेळा निवडून आले' हे सगळीकडे आहे. सार्वत्रिक निवडणुकांचे निकाल एकाखाली एक मांडले तर विजय दहाच भरतात. अकरावा कुठला? आमदारकीची वर्षं कुणी ५०, कुणी ५४, कुणी ५५ देतं. शिवाय 'देशातला विक्रम' असं लिहावं का?

आणि मुख्य म्हणजे सभागृहात त्यांनी नेमकं काय केलं हे शोधायचं कुठे? 'साधी राहणी, एसटीचा प्रवास' यापलीकडे कात्रणांत फारसं हाती लागत नाही.

आकडेमोड

अकरावा विजय म्हणजे १९७४ ची पोटनिवडणूक. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल सार्वत्रिक निवडणुकीगणिक निघतात. पोटनिवडणुका त्यात नसतात, म्हणून तुमचे दहा भरले. पूर्ण यादी: १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. मतदारसंघ प्रत्येक वेळी सांगोला आणि पक्ष प्रत्येक वेळी शेकाप. पराभव दोनच, १९७२ आणि १९९५. १९९५ चा फरक फक्त १९२ मतांचा होता आणि जिंकले काँग्रेसचे शहाजीबापू पाटील.

आता वर्षं. १९६२ ते १९७२ ही दहा. १९७४ ते १९७८ ही साधारण चार. त्या विधानसभेची मुदत आणीबाणीत वाढली, त्यामुळे १९७७ ला व्हायची निवडणूक १९७८ ला झाली. १९७८ ची विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली आणि राष्ट्रपती राजवटीनंतर मे-जूनमध्ये नवी आली. हे मधले काही महिने आमदारकीत धरता येत नाहीत. पुढे १९९५ पर्यंत पंधरा वर्षांच्या आत, आणि १९९९ ते २०१९ ही सलग वीस. बेरीज पन्नासच्या आसपास येते. ५४-५५ लिहिणाऱ्यांनी बहुतेक मधल्या खंडांपैकी एखादा वजा केलेला नसतो. २०१२ मध्ये विधिमंडळात त्यांचा सत्कार झाला तो पहिल्यांदा निवडून आल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. त्या दिवशी प्रत्यक्ष सदस्यत्व ४३ वर्षांच्या आसपास होतं. टिपणात 'पहिली निवड ते शेवटची मुदत: ५७ वर्षं, प्रत्यक्ष सदस्यत्व: सुमारे ५०' अशी दोन वेगळी वाक्यं करा, म्हणजे वाद उरणार नाही.

'देशातला विक्रम' मात्र लिहू नका. करुणानिधी १९५७ ते २०१६ मध्ये तेरा वेळा निवडून आले, कधीही न हरता. ते मतदारसंघ बदलत गेले, म्हणून काही जण 'एकाच मतदारसंघातून' अशी अट घालून विक्रम सांगोल्याला देतात. तीही टिकत नाही. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. माणी तेरा वेळा जिंकले; त्यातली १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही, ती वगळली तरी बारा उरतात. ओमन चंडी पुथुपल्लीतून १९७० ते २०२१ पर्यंत बारा वेळा. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अकरा हा सर्वोच्च आकडा आहे आणि तेवढं निःशंक लिहा.

एक सावधगिरी. वेगवेगळ्या वर्षांची मतं शेजारी ठेवून 'जनाधार वाढला' किंवा 'घटला' असं काही काढू नका. २००९ पासून नव्या पुनर्रचनेत सांगोला (क्रमांक २५३) मतदारसंघात पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ आलं. हद्दच वेगळी झाल्यावर १९८५ आणि २००९ चे आकडे एका तक्त्यात बसत नाहीत.

प्रतिवेदन

सभागृहातल्या कामासाठी विधानसभेच्या कार्यवाहीलाच, म्हणजे तिथे बोललेल्याच्या नोंदीलाच, हात घालावा लागेल. छापील खंड विधानभवनातल्या विधिमंडळ ग्रंथालयात आहेत आणि बराच भाग विधानमंडळाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलाय. नुसतं 'देशमुख' शोधलंत तर बुडाल, त्या आडनावाचे सदस्य दर विधानसभेत असतात. 'गणपतराव अण्णासाहेब' असं वडिलांच्या नावासकट घ्या. स्कॅनमधली अक्षरओळख जुन्या टाइपावर भरवशाची नाही. म्हणून आधी खंडाच्या सूचीतून तारीख काढायची, मग त्या दिवसाचं पान उघडायचं. उलट क्रमाने गेलात तर निम्मी भाषणं निसटतील.

अलीकडच्या वर्षांची कार्यवाही 'असुधारित प्रत / प्रसिद्धीसाठी नाही' अशा शिक्क्याची मिळते. ती वाचताना नवखा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. भाषण मध्येच तुटतं आणि खाली 'यानंतर श्री. अमुक' असं येतं. तो पुढचा वक्ता नव्हे. तो पुढच्या काही मिनिटांचं टिपण घेणारा प्रतिवेदक. पुढच्या पानावर तेच भाषण चालू असतं आणि वर मूळ वक्त्याचं नाव पुन्हा दिलेलं असतं. हे न कळल्यामुळे एकाचं अर्धं भाषण दुसऱ्याच्या खात्यावर चढवलेलं छापील लेखांतही दिसतं. शिवाय असुधारित प्रतीतलं वाक्य अवतरणचिन्हांत देऊ नका. आशय आपल्या शब्दांत लिहा, सोबत तारीख द्या.

आता काय मोजायचं. तारांकित प्रश्नांची (ज्यांचं तोंडी उत्तर मागितलेलं असतं) संख्या हे सगळ्यात फसवं माप. एका प्रश्नावर दहा-पंधरा सदस्यांची नावं असतात, लक्षवेधीवरही (एखाद्या तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) तसंच. नाव असणं वेगळं आणि उठून उपप्रश्न विचारणं वेगळं. विधानसभा नियम १०५ खालची लक्षवेधी घ्या: वर सदस्यांची नावं, मग मंत्र्यांचं निवेदन (ते आधीच वाटलेलं असतं), आणि त्याखाली प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न. तुमच्या कामाचा हा तिसरा भाग. तिथे नाव सापडलं तर ते काम त्यांचं. तारांकित प्रश्नांतही तासाभरात जेवढे पुकारले जातात तेवढ्यांवरच तोंडी उत्तर आणि उपप्रश्न होतात. बाकीच्यांची लेखी उत्तरं नुसती पटलावर येतात.

मंत्रिपदाच्या काळात त्यांच्या नावावर प्रश्न शून्य दिसतील, कारण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. १९७८ ते ८० चं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि १९९९ नंतरचं विलासराव देशमुखांचं सरकार, हे दोन काळ 'मंत्री' या मथळ्याखाली शोधा. खाती मात्र कात्रणांवरून घेऊ नका. खातेवाटप मध्येच बदलतं, राजपत्रातली अधिसूचना बघूनच लिहा.

आणखी एक गोष्ट टिपणात यायलाच हवी असं मला वाटतं. बोलायचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. १९६७ ला शेकापचे १९ आमदार होते, २०१४ ला तीन. नियम २९३ च्या मोठ्या चर्चेत तीन जणांच्या पक्षाच्या वाट्याला किती मिनिटं येणार? अशा पक्षाचा माणूस विभागवार मागण्यांवरची (खात्यांच्या खर्चाच्या मंजुरीची) चर्चा, कपात सूचना (तो खर्च कमी करा असा प्रस्ताव), अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा असल्या छोट्या फटींतून काम करतो. गाजलेली भाषणं शोधत बसलात तर त्यांचं खरं काम दिसणारच नाही. अर्थसंकल्पी अधिवेशनातल्या पाटबंधारे, पणन, सहकार आणि रोजगार हमी या मागण्यांचे दिवस आधी काढा. वेळ कमी असेल तर फक्त तेवढेच वाचा.

माणकाठ

वरचं सगळं बरोबर आहे, पण निव्वळ कार्यवाहीवर विसंबलात तर त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा विषय, म्हणजे पाणी, अर्धाच हाती येईल. ते सभागृहाबाहेर होते ते दोन काळ बघा. १९७२ ला हरले आणि लगेच १९७२-७३ चा दुष्काळ. १९९५ ला हरले आणि १९९६ ला महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, टेंभू उपसा योजनेला (कृष्णेचं पाणी वर उचलणाऱ्या) मंजुरी त्याच वर्षीची. दोन्ही वेळी सांगोल्याच्या पाण्याची दिशा ठरत होती आणि कार्यवाहीत त्यांचं नाव नाही. म्हणून काम थांबलं होतं असं नाही. ते पाणी परिषदेत चाललं होतं.

१९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. गणपतराव त्यातले अग्रभागी नेते. मागणीमागचं गणित नीट समजून घ्या, नाहीतर 'पाण्यासाठी लढले' एवढंच लिहून व्हाल. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं आणि निवाड्याच्या फेरविचाराची तारीख ३१ मे २००० नंतरची ठेवली. तोवर पाणी अडवलं नाही तर हक्क कमकुवत होईल ही धास्ती होती, म्हणून १९९६ नंतर कामांची घाई झाली. परिषदेचा प्रश्न त्याच्या पुढचा होता: अडवलेलं पाणी नदीकाठच्या उसालाच जाणार, की वर उचलून माणदेशातही (माण नदीच्या दुष्काळी पट्ट्यात) येणार? समन्यायी वाटपाची मागणी ती हीच.

सांगोला जवळपास सगळ्याच योजनांच्या शेपटाला आहे. टेंभूचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलतात आणि टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी करत इकडे आणतात. म्हैसाळचं मिरज तालुक्यातून निघून कवठेमहांकाळ, जतकडून येतं. नीरा उजव्या कालव्याचंही टोक इथेच. शेपटाला पाणी न पोहोचण्याची कारणं ठरलेली आहेत. वरच्या भागात परवानगीपेक्षा जास्त उपसा होतो, पोटचाऱ्या (शेतापर्यंत जाणारे छोटे कालवे) अपुऱ्या राहतात, आणि उपसा योजनेचं वीजबिल थकलं की पंप बंद पडतात. बिलाच्या अडचणीवर पुढे शासनाने ८१ टक्के आणि लाभधारकांनी १९ टक्के अशी विभागणी झाली. हे टिपणात घ्या, कारण ज्या लढ्याबद्दल लिहिताय त्याचा व्यवहारातला शेवट तिथे येतो: पाणी मंजूर होणं, कालवा होणं आणि पंप चालू राहणं या तीन वेगळ्या लढाया आहेत.

टेंभूची पाणीपट्टी भरलेल्या पावत्या, पाणी संस्थांची इतिवृत्तं, आवर्तनाची (पाणी सोडण्याच्या पाळ्यांची) वेळापत्रकं हे कागद पाटबंधारे शाखेत आणि गावोगावच्या संस्थांकडे असतात. वाचनालयाच्या पत्राने मागितले तर बघायला मिळू शकतात. माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला तर वर्ष आणि वितरिकेचं (कालव्याच्या फाट्याचं) नाव घालून एकच नेमकी गोष्ट मागा. 'सर्व कागदपत्रे' असं लिहिलेला अर्ज हमखास अडकतो.

ग्रंथपाल

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. सूतगिरणीचं काय लिहावं? कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात गिरणी चालली, एवढंच कात्रणांत आहे. आणि एसटीचा उल्लेख ठेवावा की गाळावा?

माणकाठ

सूतगिरणीसाठी शेतकरी सहकारी सूतगिरणीचे छापील वार्षिक अहवाल मिळवा. वार्षिक सभेआधी ते सभासदांना वाटतात, त्यामुळे जुन्या सभासदांच्या घरी गठ्ठे सापडतात. दर अहवालातून पाचच गोष्टी उतरवा: चात्यांची (सूत कातणाऱ्या) संख्या, वर्षात घेतलेल्या कापसाच्या गाठी (एक गाठ १७० किलो), गिरणी चाललेले दिवस, मुदत कर्जाची शिल्लक, कामगारांची संख्या. एवढं दहा-पंधरा वर्षांचं एकाखाली एक आलं की 'चालली' याचा अर्थ आपोआप दिसतो.

राज्यात सहकारी सूतगिरण्या ५:४५:५० या सूत्रावर उभ्या राहिल्या, म्हणजे पाच टक्के सभासदांचं भागभांडवल, पंचेचाळीस शासनाचं आणि पन्नास टक्के कर्ज. अनेक ठिकाणी इमारत आणि यंत्रं आली, पण कापूस घ्यायला खेळतं भांडवल उरलं नाही. हंगामात गाठी स्वस्त असतात तेव्हा पैसा नाही, पुढे महाग घ्याव्या लागतात आणि सुताचा दर आपल्या हातात नसतो. सांगोल्याला तर कापूस बाहेरूनच आणावा लागतो, वाहतूक वरून. अशा जागी गिरणी टिकली तर खरेदीची वेळ आणि खर्चावरचा हात यांना श्रेय आहे, आणि ते अहवालातल्या आकड्यांतूनच दाखवता येईल. महिलांची वेगळी सूतगिरणीही तिथे उभी राहिली, तिचे अहवाल स्वतंत्र ठेवा.

प्रतिवेदन

एसटीचा उल्लेख ठेवा, पण कौतुकाच्या सुरात नको. गाडीत आमदार-खासदारांसाठी आसन राखीव असतं, तशी पाटी खिडकीवर असते. त्या सोयीचा नियमाने वापर करणारे ते आमदार होते, असं सरळ लिहा.

आकडेमोड

शेवटच्या पानासाठी: २०१९ ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख शेकापकडून लढले आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी जागा परत घेतली, तीही शेकापकडूनच. कात्रणांत या दोन नातवांची सरमिसळ झालेली असते, नावं तपासूनच लिहा. निधनाची तारीख ३० जुलै २०२१, ठिकाण सोलापूर.