अहिराणी कळणारी बाई

आजारी आईबापाच्या सेवेला बाहेरची बाई ठेवणं म्हणजे त्यांना टाकणं, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. जळगावला आईला अर्धांगवायू झाला तेव्हा पहिले दोन महिने मी आणि वहिनी, आम्हीच सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे कळेपर्यंत माकडहाडाशी जखम झाली होती. ती भरायला उन्हाळा गेला.

भाषेबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आजारानंतर आई फक्त अहिराणी, म्हणजे आमची खानदेशी बोली, बोलायची. पहिली बाई शिकलेली होती, हात हलका होता, पण आईचं "माले तीस लागनी" (मला तहान लागली) तिला कळेना. आई बिचारी ओठ चाटत पडून राहायची. मग अमळनेरकडची, अहिराणी कळणारी बाई मिळाली, दिवसापुरती. रात्री आम्ही दोघी वाटून घ्यायचो. ठरवण्याआधी बाईला रुग्णाशी दहा मिनिटं बोलू द्या, पगाराचं नंतर बघा.