एक रुपयाच्या मालिकेपायी दर महिन्याला ३९९ कटून राह्यले, बंद कुठून करावं?

गिरणीवाला_अमळनेर

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण कसा अडकलो ते सांगितल्याशिवाय उमजणार नाही. जरा लांबण लावतो.

अमळनेर तालुक्यात माझी पिठाची गिरणी आहे. दळण पाच रुपये किलो. दोन वर्षांपासून गल्ल्यावर क्यूआर लावलाय आणि त्याचा फोन तिथेच चार्जिंगला लटकलेला असतो. दुपारी मी जेवायला नि घटकाभर आडवं व्हायला घरी जातो, तेव्हा गल्ल्यावर आप्पा बसतात. माझे वडील, वय ७२. त्या दोन तासांत त्यांना फोनवर मालिका बघायचा नाद लागला. दीड-दीड मिनिटाचे तुकडे असतात. सासू सुनेच्या ताटात काहीतरी कालवते, अन् तुकडा संपतो. पुढचा बघायचा तर 'फक्त १ रुपया'. आप्पांनी दिला. पिन त्यांना माहीत आहे, कारण गिरणीचं लाईटबिल तेच भरतात.

तो रुपया २७ मेला गेला. मग ३ जूनला ३९९. ३ जुलैला ३९९. ३ ऑगस्टला परत ३९९.

तुम्ही म्हणाल, तीन महिने झोपला होता का? भाऊ, गिरणीच्या फोनवर दिवसाला तीस-चाळीस मेसेज येतात. वीस रुपये आले, पस्तीस आले, पन्नास आले. टुंग टुंग चालूच. त्यात पैसे जाण्याचा एक मेसेज, तोही इंग्रजीत, कोण वाचतो? शिवाय श्रावणात कानबाईच्या रोटांचं दळण असतं. त्या आठवड्यात मला कोणी माझं नाव विचारलं असतं तरी मी 'गहू का ज्वारी?' असंच म्हटलं असतं. दगडांना टाकी मारायला कारागीर आला, त्याचे पैसे द्यायला खातं उघडलं, तेव्हा हे दिसलं.

आप्पांना विचारलं तर ते म्हणे, "मी त एकच रुपया दिधा भो, बाकीना कोनी दिधात?" आणि गंमत अशी की फोन भरला म्हणून त्यांनी ते ॲप जूनमध्येच काढून टाकलं होतं. म्हणजे जुलै-ऑगस्टचे पैसे न बघितलेल्या मालिकेचे.

मी काय काय केलं ते सांगतो. ॲप परत घेतलं. रद्द करायचं बटण शोधायला अर्धा तास. सापडलं तर आधी एक रडका चेहरा, 'खरंच सोडून जाताय?' मग '१९९ मध्ये राहा'. मग 'का जाताय' याची सहा कारणं, एक निवडल्याशिवाय पुढे सरकत नाही. 'सुरू ठेवा' हे पिवळंधमक बटण, आणि 'तरीही रद्द' हे राखाडी अक्षरात, चष्मा लावून वाचायचं. ते दाबलं तर म्हणे आमची टीम ४८ तासांत संपर्क करेल. आज नववा दिवस आहे.

बँकेत गेलो. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, पिन तुम्हीच टाकलाय, ॲपवाल्यांशी बोला.

मग गुगलवर त्या ॲपचा कस्टमर केअर नंबर शोधला. लगेच उचलला, मराठीतून गोड बोलला. म्हणाला, पैसे परत करतो, तुमची स्क्रीन आम्हाला दिसेल असं एक ॲप टाका. मी टाकायलाच लागलो होतो, तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो. फोन कटला. नंतर त्या नंबरवर लावायचं मनच झालं नाही.

आता खातं बंद करू का? पण क्यूआर त्याच खात्यावर आहे. आणि मे अखेरीस ४३६ आणि २० अशा दोन रकमा पण कटल्यात. तेही असंच काही आहे का?

सेवाकेंद्र_चोपडा

दादा, आधी त्या लाईटचे आभार माना. तो नंबर त्या ॲपचा नव्हताच. गुगलवर असे नंबर चोरटेच पेरून ठेवतात. स्क्रीन दाखवली असती तर ३९९ वर थांबलं नसतं. ज्यांचं असं झालं असेल त्यांनी वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करावा, जितका लवकर तितकं बरं.

आता तुमचं. खातं बंद करू नका. कुलूप चुकीच्या दारावर शोधताय तुम्ही. आप्पांनी पिन टाकला तेव्हा एक रुपया दिला ते खरं, पण त्याच पडद्यावर बारीक अक्षरात दर महिन्याच्या वसुलीची परवानगी होती. यूपीआय ऑटोपे म्हणतात त्याला, २०२० पासून आहे. ती परवानगी ॲपमध्ये राहत नाही, तुमच्या यूपीआयकडे राहते. म्हणून ॲप काढून टाकलं तरी काही फरक पडत नाही. कागदावर सही केली आणि पेन फेकून दिला, तसं ते.

ज्या यूपीआय ॲपवरून रुपया गेला तेच उघडा. वर तुमच्या फोटोवर किंवा नावावर दाबा, आत 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असं काही दिसेल. चालू असलेल्यांची यादी येते. त्या कंपनीच्या नावावर जा, 'रद्द' करा, पिन मागेल तो टाका. इथे पिन टाकल्याने पैसे जात नाहीत, घाबरू नका. 'पॉज' पण असतं, ते नको. पॉज म्हणजे काही दिवसांनी परत सुरू.

रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि तिथे किती रकमेपर्यंतची आणि कोणत्या सालापर्यंतची परवानगी आहे तेही बघून इथे सांगा. माझ्या केंद्रात लोक ते बघून डोक्याला हात लावतात.

तापीकाठचा

३९९ रुपयांसाठी एवढं रामायण? एका वेळेच्या शेवभाजीचा खर्च. सोडून द्या ना राव, आणि आप्पांना बघू द्या मालिका.

गिरणीवाला_अमळनेर

@तापीकाठचा भाऊ, ३९९ म्हणजे ऐंशी किलो दळण. वरून लाईटबिल वेगळं. तुम्ही एकदा येऊन ऐंशी किलो दळून द्या, मग सोडून देतो.

@सेवाकेंद्र_चोपडा सापडलं! दोन मिनिटांचं काम. नऊ दिवस मी त्या रडक्या चेहऱ्याशी झगडत बसलो होतो. तुम्ही म्हणाले म्हणून तारीख पाहिली. परवानगी २०५३ सालापर्यंत होती. तेव्हा आप्पा शंभरीला टेकलेले असतील. रक्कम '९९९ पर्यंत'. म्हणजे उद्या ॲपवाल्यांनी ३९९ चे ९९९ केले असते तरी परत पिन विचारला नसता.

पण यादीत एकूण तीन निघाले. एक हे. दुसरं बायकोच्या मोबाईलचं रिचार्ज, ते राहू दिलं. तिसरं १४९ चं गाण्यांचं ॲप, सव्वा वर्षापासून चालू. ते मीच घेतलं होतं, गिरणीत गाणी लावायला. मोटर चालू असताना गाणं ऐकू येत नाही हे तिसऱ्या दिवशी कळलं होतं, बंद करायचं राहून गेलं. आप्पांना जे काय बोललो होतो ते सगळं गिळून बसलोय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

भुसावळची_जिजी

तुमचं वाचून माझं सांगावंसं वाटलं. मुलगी नववीत असताना घरी एक मुलगा आला, ऑनलाईन शिकवणीचा. टॅब देऊ, शिकवू, दरमहा २८०० भरा, नाही आवडलं तर कधीही बंद करा. आधार घेतलं, दोन-तीन ओटीपी घेतले. मुलीला तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला. फोन केला तर म्हणे पंधरा दिवसांची मुदत संपली.

मी म्हटलं, पैसेच बंद करते. बँकेत अर्ज दिला, तो मँडेट थांबवला. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच एका कंपनीचा फोन, 'मॅडम, तुमचा कर्जाचा हप्ता थकलाय'. मी कधी कर्ज घेतलं? वर बाऊन्सचा दंड. चार महिने भांडले. शेवटी निम्मे भरून सुटले. अजून कळलेलं नाही की माझं चुकलं कुठे. गिरणीवाल्या भाऊंना बंद करता येतं, मला का नाही?

माजी_कॅशियर_धुळे

बँकेत तेहतीस वर्षं काढली, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो.

ताई, तुमचं आणि गिरणीवाल्यांचं प्रकरण दिसायला सारखं, आतून वेगळं. त्यांनी महिन्याची वर्गणी दिली होती. पैसे थांबले की मालिका थांबते, हिशोब मिटला. तुमच्या नावावर मात्र त्या ओटीपींनी कर्ज काढलं गेलं. कर्ज देणाऱ्याने शिकवणीवाल्याला सगळे पैसे एकदम दिले आणि तुम्ही हप्ते भरत होतात. अशा वेळी नुसता मँडेट थांबवला की कर्ज तसंच राहतं, दंड चढतो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होतं. जिमची वर्षाची मेंबरशिप 'बिनव्याजी हप्त्यात' घेणाऱ्यांचंही हेच होतं. तिथे आधी शिकवणीवाल्याला आणि कर्ज देणाऱ्याला, दोघांनाही लेखी कळवायचं, पोच ठेवायची, मग मँडेटला हात लावायचा. फोनवरून दिलेल्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सुरुवातीला काही दिवसांची माघारीची मुदत द्यावी लागते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरला की दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ती मुदत कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. ते पत्रक तुम्हाला कोणी दाखवलं नसणार, ते मी पैजेवर सांगतो.

गिरणीवाले, तुमच्या खिडकीवरच्या पोराने तुम्हाला टोलवलं. पिन तुम्ही टाकला हे खरं, पण परवानगी काढून घेण्याचा हक्कही तुमचाच. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशी प्रत्येक वसुली होण्याच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे, किती कापणार, कोण कापणार, आणि नको असेल तर बाहेर कसं पडायचं. तुमच्या फोनवर २ जून, २ जुलै, २ ऑगस्ट या तारखांचे मेसेज शोधा. असतील. १५ हजारांपर्यंतच्या वसुलीला परत पिन किंवा ओटीपी लागत नाही, म्हणून तो आदल्या दिवशीचा मेसेज हीच काय ती राखण. ती इंग्रजीत येते, हे दुखणं मी नोकरीत असतानाही ओरडून सांगायचो. (कार्डावरून कापलं जात असेल तर यूपीआयच्या यादीत ते दिसणार नाही. ते बँकेच्या ॲपमध्ये किंवा कार्डाच्या पानावर बघायचं. आणि फोनच्या प्ले स्टोअरमधून घेतलेलं तिथल्याच 'सबस्क्रिप्शन'मध्ये.)

४३६ आणि २० ला अजिबात हात लावू नका! ते सरकारी विमे आहेत, जीवनज्योती आणि सुरक्षा. वर्षातून एकदा, मेच्या शेवटी कापतात. दोन लाखांचा आयुर्विमा आणि दोन लाखांचा अपघात विमा. २०२२ च्या आधी ३३० आणि १२ होते. दर जूनला माझ्या खिडकीवर 'हे कसले पैसे चोरले' म्हणत चार जण यायचे. त्यातले निम्मे समजावल्यावरही बंद करून जायचे. तुम्ही फक्त वारसाचं नाव बरोबर आहे का ते बघा.

आता तो रडका चेहरा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ॲप-वेबसाईटवरच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार दिलेत. वर्गणीत अडकवून ठेवणं, बाहेर पडायची वाट लपवणं किंवा लांबवणं, हा त्यातला एक. जाणाऱ्याला ओशाळं वाटायला लावणं, हा दुसरा. म्हणजे तुमच्या पडद्यावर दोन तरी होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा, मराठीत बोलता येतं, तक्रार नोंदवा. ते न्यायालय नाही, कंपनीकडे तक्रार पोहोचवून उत्तर मागतात. पण पुष्कळदा तेवढ्याने कंपनीला जाग येते. नाहीच आली तर जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि कंपनी कुठलीही असली तरी तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो. ३९९ साठी जळगावच्या चकरा माराव्यात असं मात्र मी म्हणणार नाही.

भुसावळची_जिजी

काका, पत्रक नव्हतंच दाखवलं. पैज जिंकलात.

सेवाकेंद्र_चोपडा

कॅशियर काकांनी सगळं सांगितलं, मी एकच घालतो. १९१५ ला सांगताना रुपया कधी दिला, किती वेळा कटले, ॲपमध्ये कधी रद्द करायला गेलात, या तारखा हाताशी ठेवा. रडक्या चेहऱ्याचे स्क्रीनशॉट काढले असतील तर उत्तम.

गिरणीवाला_अमळनेर

काल ३ सप्टेंबर होती. सकाळपासून तीन वेळा खातं उघडून पाहिलं. काही कटलं नाही.

कॅशियर काका, २ तारखेचे तिन्ही मेसेज सापडले. तिन्ही मुकाट पडून होते, कोणाच्या तरी २५ रुपयांच्या दळणाखाली. आणि विम्याला वारस म्हणून अजून माझ्या आईचं नाव होतं, तिला जाऊन सहा वर्षं झाली. ते बदलायचा अर्ज दिलाय.

१९१५ वर तक्रार नोंदवली. बाई नीट बोलल्या, तारखा विचारल्या, क्रमांक दिला. बाराव्या दिवशी कंपनीची मेल आली, ऑगस्टचे ३९९ परत. जून-जुलैचे 'सेवा वापरली असल्याने' देता येत नाहीत म्हणे. जूनचं मी मान्य करतो, आप्पांनी थोडं बघितलं होतं. पण जुलैत तर ॲप फोनमध्येच नव्हतं, ती सेवा कोणी वापरली?

गिरणीचा पिन बदलला. लाईटबिल आता मी भरतो. आप्पा दोन दिवस घुम्यासारखे बसले होते, मग काल गाण्याच्या ॲपचं त्यांना सांगून टाकलं. सव्वा वर्षाचा हिशोब त्यांनी बोटांवर केला, २२३५ आला, आणि तो आकडा त्यांनी दळण घेऊन आलेल्या तिघांना ऐकवला.

जुलैसाठी त्याच तक्रार क्रमांकावर परत लिहिलंय. उत्तर आलं की इथे टाकतो.