‘अ‍ॅफिलिएट’ला मराठीत काय म्हणायचं? संलग्न, दलाली, दस्तुरी…

फोंडेकर:
किमतींची तुलना करून दाखवणाऱ्या एका संकेतस्थळाचं मराठीकरण हातात आहे. मोबाइल, फ्रिज, हॉटेलातल्या खोल्या असा मिसळ माल. काम देणाऱ्यांनी सोबत शब्दसूची पाठवली आहे: अ‍ॅफिलिएट म्हणजे ‘संलग्न’, रँकिंग म्हणजे ‘मानांकन’, ऑरगॅनिक निकाल (शोधात पैसे न भरता वर येणारे) म्हणजे ‘सेंद्रिय निकाल’. आपल्याकडे संलग्न असतं ते कॉलेज, गोवा विद्यापीठाशी. ‘या पानावर संलग्न दुवे आहेत’ हे वाचून सांग्यातल्या माणसाने काय समजावं? पैसे कोण कुणाला देतो हे त्या वाक्यात कुठेच नाही, आणि सांगायचं तर तेवढंच असतं. सुचवा काहीतरी.

म्हापसेकर:
दलाली. सरळ आणि स्वच्छ. पाहुण्यांना काजूच्या दुकानात उतरवणाऱ्या टॅक्सीवाल्याला दुकानदार मागाहून काहीतरी देतो, हे गोव्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. हा धंदाही तसाच, फक्त गाडीच्या जागी दुवा. दुव्याला पाठवणाऱ्याचा कोड चिकटलेला असतो, क्लिक केलं की ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे त्या कोडची छोटी नोंद, बसते आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली की दुकान त्या कोडच्या खात्यावर टक्केवारी जमा करतं. अ‍ॅमेझॉनने १९९६ पासून ही योजना चालवली आहे. तिथे मुदत साधारण २४ तासांची. म्हणजे तुम्ही मिक्सर बघायला गेलात आणि घेतली छत्री, तरी कमिशन मिक्सरवर लिहिणाऱ्यालाच.

काणकोणची सुनंदा (टोपणनाव):
म्हापसेकरबाब, टॅक्सीवाल्यांना प्रत्येक वेळी ओढलंच पाहिजे का? असो. ‘दलाली’ला माझी हरकत दुर्गंधीमुळे नाही. जमिनींच्या व्यवहारांमुळे गोव्यात त्या शब्दाला वास लागलाय हे खरं, पण तो लागला तर लागू दे. माझी हरकत कामाबद्दल आहे. दलाल दोघांच्या मध्ये उभा असतो, घासाघीस करतो, सौदा जमवतो, आणि तो दलाल आहे हे दोन्हीकडच्यांना माहीत असतं. अडत्याही नको, त्याच्या तर हातात माल असतो, तो मोजून विकतो. संकेतस्थळवाला यातलं काहीच करत नाही. तो बोट दाखवतो आणि बाजूला होतो.
याला जुना नेमका शब्द आहे: दस्तुरी. मालकासाठी खरेदीला गेलेल्या नोकराला दुकानदार रिवाजाने जो वाटा देई, ती दस्तुरी. दस्तूर म्हणजे रीत, फारसीतून आलेला. पैसे विकणारा देतो, खिसा मालकाचा, आणि मालकाला पत्ता असेलच असं नाही. तिन्ही गोष्टी जुळतात की नाही बघा.

पर्वरीचा वकील:
दस्तुरी सुरेख आहे, पण आज वाचणार कोण? शिवाय ‘दलाल’ इतक्या लवकर सोडू नका. मूळ अरबी धातूचा अर्थ वाट दाखवणे असाच आहे. तुमचं ते बोट दाखवणं शब्दाच्या पोटातच आहे.

काणकोणची सुनंदा:
पोटात काय आहे त्यावर शब्द चालत नाहीत, वकीलबाब. तोंडावर काय आहे त्यावर चालतात.

म्हापसेकर:
मान्य, संकेतस्थळवाला मध्ये उभा राहत नाही. पण मग सगळे जे बोलतात तेच लिहा ना, ‘कमिशन’! पेडण्यापासून काणकोणापर्यंत समजावून सांगावं लागणार नाही. धंद्याचं नाव हवं असेल तर ‘शिफारस-कमिशन’.

फोंडेकर:
‘शिफारस-कमिशन’ मला पटलं. संलग्न गेलं. आता ‘मानांकन’. यावर मला जास्त मारामारी हवी आहे.

पर्वरीचा वकील:
मानांकनात मान आहे. टेनिसपटूला मानांकन मिळतं, कारण त्याने सामने जिंकलेले असतात. शोधाच्या निकालात कोण कितवा आला याचं कारण दर वेळी गुणवत्ता नसतं. युरोपातलं प्रकरण बघा. २०१७ साली युरोपीय आयोगाने गूगलला २४२ कोटी युरो दंड केला, तो नेमका याच विषयात. गूगलने स्वतःची किंमत-तुलना निकालांच्या माथ्यावर ठेवली आणि इतरांच्या तुलना-संकेतस्थळांना खाली ढकललं. आयोगाने म्हटलं की सगळ्यात वर असलेला प्रतिस्पर्धीसुद्धा सरासरी चौथ्या पानावर दिसायचा. तक्रारदारांत ब्रिटनचं फाउंडेम हे छोटं संकेतस्थळ होतं. २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला. आपल्याकडे स्पर्धा आयोगानेही २०१८ मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला होता. चौथ्या पानावर ढकललेल्याला ‘कमी मानांकनाचा’ म्हणायचं? ‘क्रम’ म्हणा. क्रम कुणीही कसाही लावू शकतो, हे त्या शब्दाला माहीत आहे.

फोंडेकर:
‘क्रमवारी’?

पर्वरीचा वकील:
चालेल, पण कशावरून लावली ते शेजारी लिहा. ‘किमतीनुसार क्रमवारी’ हे पूर्ण वाक्य आहे. नुसती ‘क्रमवारी’ म्हणजे पुन्हा मानांकनच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मार्केटप्लेसवाल्यांना, म्हणजे इतर विक्रेत्यांचा माल आपल्या संकेतस्थळावर मांडणाऱ्यांना, हे बंधन आहेच: माल आणि विक्रेते कोणत्या मुख्य निकषांवर वर-खाली लागतात ते सोप्या भाषेत सांगायचं. तुमचं संकेतस्थळ त्या व्याख्येत बसो न बसो, वाचकाचा प्रश्न तोच आहे. ‘लोकप्रियतेनुसार’ असं लिहिलेलं असतं तेव्हा लोक कोण आणि प्रिय कुणाला, हे मी नेहमी विचारतो.

म्हापसेकर:
आणि ‘सेंद्रिय निकाल’! आमच्या शुक्रवारच्या बाजारात सेंद्रिय म्हणजे गावठी भाजी, आणि तिचा भाव दीडपट. ‘बिनजाहिरात निकाल’ लिहा.

काणकोणची सुनंदा:
जाहिरातींच्या जागेचा लिलाव होतो त्याला मात्र आपला गोव्याचा शब्द वापरा, ‘पावणी’. देवळात होते ती.

फोंडेकर:
रत्नागिरीच्या पलीकडचा माणूस त्याला ‘पाहुणी’ वाचेल.

पर्वरीचा वकील:
शिवाय पावणीत सगळ्यात मोठा आकडा बोलणारा घेऊन जातो, आणि बोललेला आकडा भरतो. शोधातल्या लिलावात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजतात, त्यामुळे कमी बोलणारा वर येऊ शकतो. आणि जिंकणाऱ्याला बोलीइतकंच भरावं लागतं असंही नाही, खालच्याला मागे ठेवायला पुरेल तेवढं भरलं की झालं. ‘लिलाव’च ठेवा.

काणकोणची सुनंदा:
ठेवा बापडे. एक राहिलं. किंमत, भाव आणि दर यांची तुमच्या शब्दसूचीत खिचडी असणार. फ्रिजची किंमत, मासळीचा भाव, खोलीचा दर. ‘खोलीची किंमत’ लिहिलंत तर कळंगुटला फ्लॅट विकायला काढलाय असं वाटेल. आणि खोलीच्या दराखाली ‘करासह’ की ‘कर वेगळा’ हे छापाच. आधी कमी आकडा दाखवून पैसे भरताना वाढवत नेण्याची खोड २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी मांडणी) मार्गदर्शक तत्त्वांतल्या तेरा प्रकारांत आहे. ‘छुपी जाहिरात’सुद्धा त्यातच.

फोंडेकर:
मग सूचनेचा मसुदा असा: ‘या पानावरच्या दुव्यावरून तुम्ही काही विकत घेतलंत तर दुकान आम्हाला कमिशन देतं. यामुळे तुम्हाला जादा पैसे पडत नाहीत.’

पर्वरीचा वकील:
पहिलं वाक्य उत्तम. कर्ता, कर्म, पैसे, सगळं जागेवर. दुसऱ्याची हमी तुम्ही कशावरून देता? कमिशन दुकानाच्या नफ्यातून जातं, आणि दुकान किंमत ठरवताना तो खर्च धरतंच. मूळ इंग्रजीत असेल तर भाषांतर करा, पण काम देणाऱ्यांना एकदा विचारा. ते वाक्य ‘दुव्यावरून आलात किंवा थेट गेलात तरी किंमत तीच’ एवढंच सांगत असेल, तर तेवढंच लिहा. आणि सूचना मराठीतच हवी. २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार डिस्क्लेमर दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. पान मराठी आणि तळटीप इंग्रजी, हा प्रकार बंद करा.

फोंडेकर:
विचारलं. उत्तर आलं की दुसरं वाक्य काढून टाका. सूचना मात्र त्यांना तळालाच हवी आहे. मी ‘पहिल्या दुव्याच्या वर’ असा शेरा मारून फाइल परत पाठवली आहे. ‘डील पाहा’ या बटणाला ‘दुकानात जा’ केलंय, त्यावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.