मदत हवी आहे: गुणवत्ता समितीत रुग्णांना बोलतं कसं करायचं?

आमच्या रुग्णालयाच्या गुणवत्ता सुधारणा समितीत मी परिचारिकांच्या वतीने आहे. सध्याचा विषय: डिस्चार्जच्या वेळी औषधांबद्दल दिल्या जाणाऱ्या सूचना. अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले, सगळीकडे 'उत्तम'वर खूण. साहजिकच आहे, उपचार चालू असताना सिस्टरच्याच हातात तक्रार कोण देईल! मग बरे होऊन घरी गेलेल्या काही जणांना बैठकीला बोलावलं. डॉक्टरांची आकडेवारी सुरू झाली आणि मंडळी गप्पच. बाहेर लिफ्टपाशी मात्र एक काकू सहज बोलून गेल्या, "गोळ्यांच्या पाकिटाचा रंग बदलला की मला वाटतं नवीन औषध आलं. मग मी दोन्ही घेते." हे आमच्या एकाही तक्त्यात नव्हतं.

आधी रुग्णांच्या मुलाखतींचं चित्रीकरण, मग रुग्ण आणि कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून सुधारणा आखायच्या, ही 'एक्सपिरियन्स-बेस्ड को-डिझाइन'ची पद्धत वाचली आहे. पण आमच्याकडे चित्रीकरणाला परवानगी नाही, आणि पैसे फक्त प्रवासखर्चापुरते.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: व्हिडिओशिवाय, रुग्णाची ओळख उघड न करता असे अनुभव समितीपुढे कसे मांडलेत? आणि रुग्णांना डॉक्टरांसोबत बसवण्याआधी दोन्ही बाजूंची नेमकी काय तयारी करून घेतलीत?