रोलप्लेइंग गेम: आधी पीडीएफ की थेट छपाई?

प्रश्न: माझ्या रोलप्लेइंग गेमचं (पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) २०० पानांचं नियमपुस्तक तयार आहे. आधी पीडीएफ विकावी की क्राउडफंडिंग करून (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून) थेट छापावं?

उत्तर १: आधी १६-२० पानांचं क्विकस्टार्ट (खेळून बघण्यापुरती छोटी आवृत्ती) फुकट द्या: एक साहस, चार तयार पात्रं. मग क्राउडफंडिंगची मोहीम. पूर्ण पीडीएफ छपाईआधीच पाठीराख्यांना (मोहिमेत पैसे देणाऱ्यांना) पाठवा, बारीक चुका तेच हुडकून काढतात.

उत्तर २: टपालखर्च मोहिमेच्या रकमेत अजिबात धरू नका, रवानगीच्या वेळी वेगळा घ्या. मधल्या काळात दर वाढतात आणि सगळा नफा तिथेच बुडतो. किकस्टार्टर या क्राउडफंडिंग वेबसाइटचे ५ टक्के, वर पेमेंटचं शुल्क, आधीच वजा करा. फासे-नकाशांची आमिषं नकोतच, वजन वाढतं.

उत्तर ३: पुस्तक डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलंय? तिचे मूळ नियम देणारा दस्तऐवज, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे वापरता येतो. श्रेयाची ओळ मात्र छापावीच लागते.