मदत हवी आहे: टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीची जागा) आधी भरू की सरकारी अनुदानित कॉलेज?

धाकट्या भावाचा इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरायचा आहे. आम्ही ओपनमधले, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेच्या बरंच खाली. बाबांच्या वहीत दुधाच्या हिशेबाशेजारीच आता फीचे आकडे लिहिलेत.

पुण्यातल्या खाजगी कॉलेजात टीएफडब्ल्यूएसमधून ट्यूशन फी माफ होईल, पण खोली-मेसचं काय? नांदेडचं एसजीजीएस किंवा सांगलीचं वालचंद असं सरकारी अनुदानित कॉलेज धरलं, तर शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटते. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, म्हणून क्रमाची धास्ती वाटते.

शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत तुम्ही पूर्ण फी भरली होती का? पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता वेळेत मिळतो का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.